सातवा सभासद

सरांनी फळ्यावर सातचा आकडा काढला आणि त्याच्याभोवती गोल केला.

"पब्लिक कंपनीला कमीत कमी सात सभासद लागतात. सहा घरातच मिळतात. दोन भाऊ, दोन मेहुणे, एक सासरा, एक मित्र. सातवा कुठून आणायचा?"

सर कायदा इंग्रजीत शिकवत आणि विनोद मराठीत करत. आता ते मराठीत बोलत होते, म्हणून पोरांनी पेनं खाली ठेवली होती.

"घरचा आचारी. नाहीतर टांगेवाला. तेही नसलं तर गावचा एखादा महार धरून आणायचा. अंगठा घ्यायचा, एक शेअर त्याच्या नावावर टाकायचा. झाली पब्लिक कंपनी. तो महार जन्मभर भागीदार असतो आणि त्याला पत्ता नसतो."

चाळीसएक पोरं हसली. पुढच्या बाकावरचा एक मागे वळला. रोज माझ्याच वहीतून टिपणं उतरवून घेणारा. म्हणाला, "काय राव, तुझ्या नावावर किती कंपन्या?"

पुन्हा हसू.

मीही हसलो. सरांच्या वाक्याला हसलो आणि त्या पोराच्या वाक्यालाही हसलो. न हसणारा एकटाच दिसला असता म्हणून हसलो. आज पन्नाशीला आलो आहे. त्या वर्गाचं हसणं आठवतं तेव्हा चाळीस आवाजांतून मला माझा आवाज वेगळा काढता येतो. तो जरा मोठाच होता.

सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं गाव मोशीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे. पहाटे सायकलीनं कासारवाडी स्टेशन, तिथून गाडीनं शिवाजीनगर, तिथून पायी कॉलेज. कंपनी कायदा नवा होता, वर्ष-दीड वर्षापूर्वी लागू झालेला. पुस्तकं महाग होती, म्हणून मी ग्रंथालयात बसून कलमं उतरवून काढायचो. कलमाचा आकडा, एका ओळीत अर्थ, पुढे एक उदाहरण. यादी करून ठेवली की गोष्ट आपल्या हातात राहते, ही समजूत तेव्हाची. ती अजून गेलेली नाही.

त्या तासाच्या शेवटी सरांनी काम दिलं. प्रत्येकानं एका खऱ्या कंपनीच्या कचेरीत जायचं. सभासदांचं रजिस्टर पाहायचं. कायद्यानं ते कुणालाही पाहता येतं, सभासदाला फुकट आणि बाहेरच्याला रुपया देऊन. पाहिलेलं लिहून पंधरा दिवसांत रिपोर्ट द्यायचा. बाकीच्या पोरांचे मामा, काका, शेजारी कुठल्या ना कुठल्या कंपनीत होते. मला एकच कंपनी माहीत होती. अण्णांची.

अण्णा आमच्या गावचे मोठे बागायतदार. गावाच्या वरच्या अंगाला त्यांची दगडाची खाण होती. नाशिक रस्त्याला खडी तिथून जायची. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला, निर्वासितांच्या चाळी उठल्या, त्यांनाही दगड तिथूनच गेला. मागणी वाढली तशी अण्णांनी पुण्याच्या वकिलाकडून कंपनी काढून घेतली होती. तिला तेव्हा चार वर्षं झाली होती. माझा बा त्या खाणीवर कामाला होता. पहारीनं भोकं पाडायची, दारू ठासायची, सुरुंग उडाला की घणानं दगड फोडायचा. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं तिथंच होती.

कंपनीची कचेरी अण्णांच्या घराच्या पुढच्या खोलीत. दिवाणजी तिथं बसत. मी सायकल बाहेर लावली, अंगणात उभा राहिलो आणि कशासाठी आलो ते सांगितलं. दिवाणजींनी आधी मला पाहिलं, मग माझ्या हातातली वही पाहिली. रुपया मागितला. मी तो उंबऱ्यावर ठेवला. त्यांनी आतून रजिस्टर आणलं, ओट्याच्या कडेला ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकले. मग मी ते उचललं. अस्पृश्यतेचा कायदा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्याची दवंडी आमच्या गावात कुणी पिटली नव्हती.

रजिस्टरात प्रत्येक सभासदाला एक पान. नाव, पत्ता, व्यवसाय, किती शेअर, कधीपासून. मी उन्हात उभ्यानंच उतरवून घ्यायला लागलो. पहिलं पान अण्णांचं. दुसरं, तिसरं त्यांच्या भावांचं. चौथं मेहुण्याचं. पाचवं गावातल्या किराणा दुकानदाराचं. सहावं पुण्यातल्या एका नातेवाइकाचं. मग मी सातवं पान उलटलं आणि नाव लिहून घेतलं. लिहून झाल्यावर वाचलं.

ते माझ्या बाचं नाव होतं. बाचं, त्याच्या बाचं, आडनाव. इंग्रजीत. पत्ता आमच्या गावचा. शेअर एक. व्यवसाय : व्यापारी.

बाचं नाव मी तोवर कुठंही छापलेलं किंवा इंग्रजीत लिहिलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या शाळेच्या दाखल्यात होतं, तेही मोडीच्या वळणाचं, अर्धं चुकलेलं. इथं ते सुरेख अक्षरात होतं. एकही चूक नव्हती.

दिवाणजी म्हणाले, "झालं का उतरवून?"

मी म्हणालो, झालं.

त्या संध्याकाळी बा हातपाय धूत होता तेव्हा मी त्याला विचारलं. तो आठवायला लागला. चार वर्षांमागं, दिवाळीच्या आसपास, अण्णांनी घरी बोलावलं होतं. चहा दिला होता. आमच्यासाठी कोनाड्यात वेगळी कपबशी असायची, तिच्यातून. पुण्याचा कुणी टोपीवाला वकील बसला होता. बाला वाटलं खाणीच्या परवान्याचा कागद असेल. अंगठा दोनदा घेतला. एक लिहिलेल्या कागदावर, एक कोऱ्या फॉर्मावर.

मी चिडून म्हणालो, दोनदा कशाला दिलास, काय लिहिलंय ते विचारायचं तरी होतंस.

बा म्हणाला, "आरं, दिला कुठं? बोट धरलं आन् दाबलं."

मग थोड्या वेळानं, पाय पुसता पुसता : "आपल्या अंगठ्यानं त्यांचं काम झालं. आपलं काय गेलं?"

मी रोज ग्रंथालयात बसून उतरवत होतो त्यातलं एकही कलम त्या वेळी कामाला आलं नाही. कोऱ्या फॉर्मावरचा अंगठा कशासाठी, तेवढं मात्र मला कळलं. तो शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म होता. बा नकोसा झाला की नाव भरायचं आणि बाला काढून टाकायचं. आत घेताना विचारलं नव्हतं. बाहेर काढतानाही विचारायला लागू नये, याची सोय आधीच केलेली.

पुढची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. इथं लिहितो, कारण ती सोडली तर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

मी रिपोर्ट लिहिला. सात सभासदांची यादी केली. सातव्याच्या पुढे लिहिलं : व्यवसाय, व्यापारी. आडनावाचं फक्त पहिलं अक्षर घातलं. रजिस्टर नमुनेदार ठेवलेलं आहे, असा शेरा मारला. पंधरा दिवसांनी सरांनी माझा रिपोर्ट वर्गात वर धरून दाखवला. म्हणाले, "असं काम पाहिजे. व्यवस्थित, टापटीप." पुढच्या बाकावरच्या त्या पोरानं मागे वळून मान डोलावली. मला बरं वाटलं. हे खरं आहे, मला बरं वाटलं. दगड फोडणाऱ्या बापाला मी माझ्या हातानं व्यापारी केलं होतं. अण्णांनी केलं ते एकदा. मी केलं ते दुसऱ्यांदा, आणि शिकून.

त्यानंतर महिन्याभरात दिवाणजी खाणीवर आले. बाला म्हणाले, बुधवारी दहाला देवळात कंपनीची वार्षिक सभा आहे, ये. आधीच्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आधीच्या सभा दिवाणजींच्या वहीतच व्हायच्या. या वर्षी कंपनीला बँकेकडून कर्ज हवं होतं. पुण्याचा नवा ऑडिटर कडक होता. तो म्हणाला होता की मी स्वतः सभेला बसणार. पब्लिक कंपनीच्या सभेला पाच सभासद समोर हजर लागतात, त्याला कोरम म्हणतात. पुण्याचा नातेवाईक आजारी. एक भाऊ गावाला गेलेला. चारच उरत होते. पाचवा बा.

मी कॉलेज बुडवलं आणि बाबरोबर गेलो.

आमच्या गावात कुठलीही सभा भैरोबाच्या देवळाच्या सभामंडपात व्हायची. जत्रेच्या वर्गणीची तिथंच, सोसायटीची तिथंच. कंपनीची दुसरीकडे घ्यावी असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नसणार. मंडपाला तीन पायऱ्या. वर सतरंजी अंथरलेली, ऑडिटरसाठी खुर्ची. बाला दिवाणजींनी खालीच थांबवलं. पायऱ्यांच्या बाजूला चपला काढायची जागा होती, तिथं बस म्हणाले. बा बसला. मी त्याच्या मागे उभा राहिलो.

आत सभा सुरू व्हायची होती. बाला रिकामं बसायची सवय नव्हती. त्याचे हात आपोआप चालू झाले. समोर पडलेल्या चपला तो जोड जोड लावायला लागला. अण्णांचे वाघाच्या तोंडाचे जोडे, दुकानदाराच्या चपला, ऑडिटरचे बूट. मी त्याला थांबवलं नाही. मला ते दिसत होतं आणि मी थांबवलं नाही.

ऑडिटरनं विचारलं, पाच हजर आहेत ना. दिवाणजींनी चार जण दाखवले आणि मग हात लांब करून बाकडे बोट केलं. ऑडिटरनं चष्म्यावरून पाहिलं. "ठीक," म्हणाला आणि कागदावर खूण केली.

तेव्हा मी बोललो. शब्द मला अजून पाठ आहेत.

"साहेब, सभा कुठं आहे? वर, की खाली?"

सगळे वळले. ऑडिटरनं विचारलं, आपण कोण. मी उत्तर द्यायच्या आत अण्णा बोलले. "ह्यो ह्याचा पोरगा. कालिजात जातो. सभासद न्हाई."

ऑडिटर म्हणाला, "मग यांना इथं बोलता येणार नाही."

तो बरोबर होता. कायदा मला माहीत होता. इतकी वर्षं शिकून त्या जागी मला बोलायचा हक्क नव्हता, आणि शाळेची पायरी न चढलेल्या बाला होता. मी खाली वाकून बाला एवढंच सांगितलं. बा, तू बोल. मला नाही बोलता येत इथं, तुला येतं. त्यांनी तुला मोजलंय. मोजायचं तर आत बसवायला पाहिजे.

बाच्या हातात दुकानदाराची एक चप्पल होती, तो तिच्याकडे पाहत राहिला. वर दिवाणजी पहिला ठराव वाचायला लागले. मला वाटलं, संपलं. बा उठणार नाही. माझा राग अण्णांवरचा निघून बावर आला. तो राग किती वाईट होता ते आज मला कळतं.

बानं चप्पल खाली ठेवली. जोडात न ठेवता, तशीच. उभा राहिला.

"अण्णा, म्या वर येऊ, का घरी जाऊ?"

अण्णा म्हणाले, "बस की गप. पाच मिनिटांचं काम हाय."

"पाच मिनिटांचंच हाय तर वरच बसतो की."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अण्णांचा आवाज खाली आला. "देवाच्या दारात वाद नगो. तुला काय कमी केलंय आमी?"

बानं वर पाहिलं. "कमी न्हाई केलं. पन इथं चपलांत बसून मी पाचवा न्हाई व्हनार."

आणि तो चालायला लागला. भराभर नाही, रोजच्या चालीनं. त्याच्या मागून मी. वळणावर मी मागे पाहिलं. ऑडिटर हातातलं घड्याळ पाहत होता. अर्धा तास वाट पाहायची, कोरम झाला नाही तर सभा पुढे ढकलायची, असा नियम. अर्धा तास त्या सगळ्यांना बाची वाट पाहत बसावं लागलं. नंतर कळलं की ऑडिटरनं बॅग बंद करताना सांगितलं होतं, पुढच्या बुधवारी, याच वेळी, याच जागी. तेव्हा पाच नसले तरी चालेल, जे येतील त्यांच्यात काम होईल.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं बाला खाणीवरून परत पाठवलं. पहार परत घेतली. आईनं मला जे म्हणायचं ते म्हटलं. "शिकून काय केलंस? बापाचा हात रिकामा केलास." घरात तीन भावंडं होती, बाची कमाई ही एकच कमाई होती, आणि परीक्षेला दोन महिने होते.

शुक्रवारी कासारवाडी स्टेशनाबाहेर मी सायकल काढत होतो. अण्णांची जीप उभी होती. अण्णा उतरून माझ्याकडे आले. असं ते कधी कुणाकडे जात नसत. माझ्या सायकलीच्या दांडीवर हात ठेवला आणि घरच्यासारखं बोलायला लागले. बा जुन्या वळणाचा माणूस, त्याचं मनावर घ्यायचं नाही, असं म्हणाले. मग मुद्द्यावर आले. बा सभासद राहिला तर दर वर्षी पायरीशी येऊन उभा राहणार. काढला तर सातवा उरत नाही, आणि आता ऑडिटरचं लक्ष आहे, पुन्हा अंगठेवाला आणून चालणार नाही.

"लेका, तू शिकलेला. सही करतोस. बापाचा शेअर तुझ्या नावावर करू. तू वर बस, सतरंजीवर, माझ्या शेजारी. कोन काय बोलतंय बघतो मी. बी.काम झालास की कंपनीचा शेक्रेटरी. दिवानजी थकलाय."

मी विचारलं, आणि बा?

"त्यो खाणीवर. सोमवारपास्नं. त्याला आन् सभेला कशाला तरास द्यायचा?"

त्यांनी फॉर्म दिला. मी घेतला. खाली बाचा अंगठा होता, चार वर्षांपूर्वीचा, निळा. वर माझ्या नावाची जागा मोकळी होती.

तो फॉर्म दीड दिवस माझ्या वहीत होता. मी लगेच नाही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. मी दीड दिवस घेतला. मी यादीसुद्धा केली. एका बाजूला : बाचं काम, माझी नोकरी, धाकट्यांची शाळा, गावात पहिल्यांदा आमचा माणूस मंडपात. चार गोष्टी. दुसऱ्या बाजूला काय लिहायचं ते सुचेना. ती बाजू कोरीच राहिली. कागदावर पाहिलं तर अण्णांचंच बरोबर निघत होतं.

रविवारी मी बाला फॉर्म दाखवला आणि सगळं वाचून सांगितलं. इंग्रजीतलं मराठीत, एकेक ओळ. चार वर्षांपूर्वी कुणीतरी करायला हवं होतं ते. बानं पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी तू आत बसनार, आन् मी?"

मी म्हणालो, तू नाही. तुझं नाव निघणार.

"तुला बसायचं आसंल तर बस," बा म्हणाला. त्यात राग नव्हता. तेच मला सोसलं नाही. वर्गात मी हसलो तेव्हा बा तिथं नव्हता. त्याला व्यापारी केलं तेव्हाही नव्हता. या वेळी तो समोर बसला होता, आणि तरीही तो मला परवानगी देत होता. यादीची दुसरी बाजू मला तेव्हा दिसली. तिच्यात एकच गोष्ट होती.

त्याच बैठकीत मी बाच्या नावानं कंपनीला पत्र लिहिलं. माझ्याकडून कोऱ्या फॉर्मावर अंगठा घेतला होता, तो मी रद्द करतो, माझा शेअर मी कुणालाही दिलेला नाही, मी सभासद आहे. पत्र बाला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यानं मला थांबवून एक शब्द विचारला, आणि मग स्वतः बोट शाईत बुडवून अंगठा उठवला. कुणी धरलं नाही, कुणी दाबलं नाही. सोमवारी पोस्ट उघडल्यावर एक प्रत ऑडिटरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं टाकली.

तिथून मी खाणीवर गेलो. अण्णा तिथं ट्रक भरून घेत होते. वस्तीतली माणसं घण टाकून पाहत राहिली. मी फॉर्म त्यांच्या हातात दिला. माझ्या नावाची जागा तशीच मोकळी होती.

"अण्णा, बाला बाहेर काढून मला आत बसवणार असाल, तर मला तुमच्या शेजारी बसायचं नाही."

"बापाचं काम कायमचं गेलं, ध्यानात ठेव," अण्णा म्हणाले.

मी म्हणालो, ठेवलंय.

बुधवारी त्यांना बाची गरज नव्हती. चार जणांत सभा होणार होती. तरी बा गेला. आईनं आदल्या दिवशी त्याचा सदरा धुऊन ठेवला होता. मी पायऱ्यांपर्यंत गेलो आणि थांबलो. मी सभासद नव्हतो. पायताणांच्या जागेशी मी उभा राहिलो आणि बा तीन पायऱ्या चढून वर गेला.

दिवाणजी उठून उभे राहिले. ऑडिटरच्या हातात बाचं पत्र होतं. तो अण्णांना एवढंच म्हणाला, "हे सभासद आहेत." बा सतरंजीच्या कडेला बसायला वाकला तेव्हा अण्णांच्या भावानं सतरंजीचं टोक ओढून घेतलं. बाखाली नुसती फरशी उरली. बा फरशीवर मांडी घालून बसला. सतरंजीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

ठराव आले. हिशेब मंजूर करा. ऑडिटर पुन्हा नेमा. तिसरा, अण्णांना पाच वर्षांसाठी पुन्हा मॅनेजिंग डायरेक्टर करा. हात वर करून मत द्यायचं असलं की ज्याचे हजार शेअर त्याचं एक मत आणि ज्याचा एक शेअर त्याचंही एकच. हे मी बाला वाटेत सांगितलं होतं. बाजूनं तीन हात वर झाले. अण्णांनी स्वतःचा केला नाही. विरुद्ध कोण, हे अण्णा सवयीनं विचारून पुढे जात होते. बानं हात वर केला.

अण्णांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "तुझा इरोध कशाला रं?"

"कागुद मला वाचून दावला न्हाई. वाचल्याबिगर माझं व्हय न्हाई."

दिवाणजींचा टाक थांबला. ते अण्णांकडे पाहत होते. ऑडिटर म्हणाला, "लिहा. विरुद्ध, एक."

दिवाणजींनी लिहिलं.

ठराव मंजूर झाला. बाचं खाणीवरचं काम गेलं ते गेलंच. तो पिंपरीला बांधकामावर पाट्या उचलायला जायला लागला, आणि दगडाच्या धुळीनं आधीच भरलेली छाती तिथं सिमेंटनं भरली. पुढच्या वर्षी अण्णांनी वकिलाला बोलावलं आणि कंपनी प्रायव्हेट करून टाकली. प्रायव्हेटला दोन माणसं पुरतात. सातव्याची गरजच त्यांनी उरू दिली नाही. आम्ही जिंकलो असं मी कुठंही लिहिलेलं नाही, इथंही लिहीत नाही.

बी.कॉम. झालो. नोकरी लागली. आज कंपन्यांच्या सभांचे कागद तयार करणं हेच माझं काम आहे. मोठ्या माणसांची मला बोलावणी येतात. कमिटीवर या, व्यासपीठावर या, आमच्या यादीत तुमच्यातलं एक नाव हवंय. प्रेमानं बोलतात, अण्णा स्टेशनवर बोलले होते तितक्याच प्रेमानं. मी प्रत्येकाला दोन गोष्टी लेखी विचारतो. कागद आधी वाचायला देणार का. आणि माझ्या वस्तीतली बाकीची माणसं कुठं बसणार. दोन्हींची उत्तरं आली नाहीत तर जात नाही. आजवर बहुतेक ठिकाणी गेलेलो नाही.

ज्याला आम्ही फक्त आकडा भरायला हवे आहोत, त्याचा आकडा अपुराच राहील. आमचं डोकं मोजायचं असेल, तर आधी आमच्यासाठी जागा करा. नाहीतर लिहून घ्या : विरुद्ध.